बीटलला गंज चढवताना

माझी पहिली भंगारातली गाडी, म्हणजे सडलेल्या गाडीचं मी बनवलेलं छोटं मॉडेल, मी दादाच्या हातात दिली, तेव्हा त्याने ती उलटी करून तळ पाहिला, पुन्हा सरळ केली आणि विचारलं, "दाराच्या मधोमध गंज आला कुठून गं?"

दादा कित्येक वर्षं गाड्यांचं पत्र्याचं काम करतोय. सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा जोडायचा, ठोकून सरळ करायचा, पुट्टी भरून घासायचा, हेच त्याचं रोजचं काम. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. छान दिसेल म्हणून मी तिथे गंज दाखवला होता. टपावर, दारांवर, बंपरवर, सगळीकडे सारखाच.

"दार मधून नाही सडत, खालून सडतं," तो म्हणाला. "काचेच्या फटीतून पाणी आत उतरतं. तळाला निचऱ्याची भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी तिथेच राहतं. मग गंज पत्रा आतून खात खात बाहेर येतो. बाहेर दिसतो तोवर आतलं सगळं गेलेलं असतं."

ती गाडी मी सोडून दिली. तिची चाकं आणि आरसे सुट्या भागांच्या डब्यात गेले आणि मी नव्याने सुरुवात केली. पुढची हकिगत त्या दुसऱ्या गाडीची.

यावेळी मी मुद्दाम फोक्सवॅगन बीटल निवडली, १९६६ चं मॉडेल, १:२४ प्रमाणातलं प्लॅस्टिकचं किट. खरी गाडी साधारण चार मीटर लांब असते, म्हणजे मॉडेल जेमतेम सतरा सेंटीमीटरचं. २००३ साली शेवटची बीटल कारखान्यातून बाहेर पडली तोवर या गाड्या २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या होत्या. त्यामुळे सडलेल्या बीटलचे, आणि सडलेली बीटल पुन्हा उभी करणाऱ्यांनी काढलेले फोटो मुबलक मिळतात. कुठला पत्रा आधी जातो हे सांगणारे शेकडो फोटो मी पाहिले. दुसरं कारण म्हणजे या गाडीची चारही मडगार्डं बॉडीला बोल्टने बसवलेली असतात. एखादं ठोकलं गेलं तर दुसऱ्या गाडीचं काढून लावता येतं, म्हणून जुन्या बीटलवर एखादं मडगार्ड वेगळ्याच रंगाचं दिसतं. तेवढ्यावरून गाडीच्या आयुष्यातली एक घटना कळते. मला ते हवं होतं.

किटचा खोका उघडण्याआधी मी एका कागदावर गाडीची स्थिती लिहून काढली. ही गाडी उघड्यावर, कच्च्या जमिनीवर उभी आहे. पुढचं डावं चाक हवा जाऊन मातीत रुतलंय. मागचं उजवं चाक कुणीतरी काढून नेलंय आणि तो कोपरा लाकडी ठोकळ्यावर टेकवलाय. म्हणजे अख्खी गाडी डावीकडे पुढे झुकलेली. टपावर पडलेलं पाणी डाव्या बाजूच्या पन्हळीत येणार, तिथून पुढे वाहत जाऊन काचेच्या खांबाजवळ खाली गळणार. पुढच्या काचेच्या बुडाशी पाला साचणार आणि पाल्याखाली ओल टिकणार. उजव्या बाजूला वरून पाणी कमी, पण त्या बाजूची मागची खिडकी फुटलीय, म्हणून आत सगळा चिखल. एवढं लिहून झाल्यावर गंज कुठे दाखवायचा हे वेगळं ठरवावंच लागलं नाही. कागदावर पाण्याची वाट काढली होती, रंग त्या वाटेने गेला.

आता पत्रा. मॉडेल बनवणाऱ्यांना इथे सगळ्यात मोठी अडचण येते आणि बहुतेकजण ती रंगाने झाकायला बघतात. गाडीचा खरा पत्रा एक मिलिमीटरहूनही कमी जाड असतो. १:२४ मध्ये तो मिलिमीटरच्या काही शतांशांइतका व्हायला हवा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या आसपास. किटचं प्लॅस्टिक मात्र एक मिलिमीटरहून जाड. खऱ्या मापात तो अडीच सेंटीमीटरचा पत्रा झाला. अशा जाड भिंतीला भोक पाडलं की ते कुरतडलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसतं, गंजून जाळी झालेल्या पत्र्यासारखं नाही.

म्हणून जिथे जिथे जाळी पडायची होती तिथे मी प्लॅस्टिक आतल्या बाजूने घासून काढलं. छोट्या ग्राइंडरला गोल टोकाचं पातं लावलं, वेग कमी ठेवला, कारण वेग वाढला की प्लॅस्टिक वितळून पात्याला चिकटतं. नाकातोंडाला मास्क लावायलाच हवा, ती पूड फार बारीक असते. मधूनमधून बॉडी दिव्यासमोर धरून बघत होते. उजेड लालसर दिसायला लागला की थोडं थांबायचं, पिवळट दिसला की ग्राइंडर बाजूला ठेवून पॉलिश पेपर घ्यायचा. शेवटी प्लॅस्टिक कांद्याच्या सालीसारखं होतं आणि सुईच्या टोकाने नुसतं टोचलं तरी कडा वेड्यावाकड्या फाटतात. डाव्या मागच्या मडगार्डाची खालची कड मी अशी केली. फूटबोर्डाचं पुढचं टोक मात्र प्लॅस्टिकमध्ये जमेना, ते कापून टाकलं आणि फॉइलचं नवं बनवलं. फॉइल नुसतं बोटाने दाबलं तरी खऱ्या पत्र्यासारखं मुडपतं.

तळाचं काम मला सगळ्यात आवडलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. बीटलच्या तळाला मधोमध एक कण्यासारखा बोगदा असतो आणि दोन्ही बाजूंना उथळ पराती असाव्यात तसा पत्रा. दारांखाली, उंबरठ्याच्या जागी, पोकळ पन्हळी असतात. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं, त्यामुळे आत बसणाऱ्यांना ऊब द्यायची तर इंजिनावरून तापलेली हवा याच पन्हळींतून पुढे आणतात. पोकळ जागा, आत ओल, बाहेरून चिखल: पन्हळी आतून सडतात. आणि बॅटरी असते मागच्या सीटखाली, उजव्या बाजूला. बॅटरीतून आम्लाचे थेंब, वाफा निघतात, रंग जळतो, उघडा पडलेला पत्रा भराभर खाल्ला जातो. दादाला मी हे सांगायला गेले तर तो म्हणाला, "बॅटरी उचलायला गेलं की कधी कधी खालची जमीन दिसते."

तेवढं एक वाक्य घेऊन मी दोन आठवडे बसले. मागच्या सीटची गादी उचलून तिरकी ठेवायची ठरवली, म्हणजे फुटक्या खिडकीतून ती जागा दिसेल. उजव्या कोपऱ्यात तळ घासून पातळ केला आणि साधारण नखाएवढं भोक पाडलं. भोकाच्या कडेला सुपरग्लूचा पातळ थर दिला आणि तो ओला असतानाच वर खायचा सोडा भुरभुरला. सोडा लगेच घट्ट धरतो आणि खरखरीत, फुगलेला पृष्ठभाग तयार होतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून गंजलेला पत्रा फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात. ती फुगवट नुसत्या रंगाने येत नाही. ग्लू हातावर लगेच चिकटतो आणि वास डोळ्यांत जातो, म्हणून खिडकी उघडी ठेवून, काडीच्या टोकाने थोडा थोडा लावला. आम्लाने जळलेल्या जागेभोवती पांढुरकी कड दिली, तिच्या बाहेर काळपट तपकिरी, आणि सगळ्यात बाहेर रंग फुगून आलेले लहान लहान फोड. बॅटरी बांधायची पट्टी तांब्याच्या तारेची, ठोकून चपटी केलेली, एका टोकाने सुटलेली. गादीतून बाहेर आलेल्या स्प्रिंगा बनवायला केसाएवढी तार सुईभोवती गुंडाळली. गादीचं फाटलेलं कापड म्हणजे पांढऱ्या गोंदात भिजवलेला टिश्यू पेपर.

रंगाकडे वळले तेव्हा बाहेर दिसणारा निळा रंग सगळ्यात शेवटी द्यायचा होता. खऱ्या गाडीवर रंग आधी असतो आणि गंज मागून येतो, मॉडेलवर क्रम उलटा. आधी पूर्ण बॉडी गंजाच्या रंगांनी रंगवली. तेही एकाच तपकिरीने नाही. घराच्या गेटची बिजागरी मी भिंगातून बघत बसायचे. जुना, बसलेला गंज जवळजवळ काळसर तपकिरी असतो, जांभळट झाक असलेला. त्यावर जिथे पाणी नुकतंच लागलंय तिथे नारिंगी, कधी पिवळट. नारिंगी जागा थोडीच असते. माझ्या पहिल्या गाडीवर नारिंगीच नारिंगी होता आणि म्हणून ती गाजराच्या रंगाची झाली होती. यावेळी खाली गडद थर दिला, वर स्पंजच्या तुकड्याने दोन मधल्या छटा ठिपकवल्या आणि नारिंगी फक्त कडांना.

या थरावर लाखेसारखं पारदर्शक, पाण्याने न सुटणारं लॅकर मारलं. ते वाळल्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात. हेअरस्प्रे वाळला की त्यावर करड्या रंगाचा प्रायमर आणि मग फिकट निळा, दोन्ही ॲक्रिलिक, दोन्ही पाण्याने पातळ केलेले. यातली करामत अशी की हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो. वरच्या रंगाला पाणी लावलं की ते झिरपत खाली जातं, हेअरस्प्रे सैल होतो आणि त्यावरचा रंग कडक ब्रशने उडवता येतो. खालचा गंज लॅकरखाली सुरक्षित राहतो.

वेळेचं गणित मात्र मला चुकवून शिकावं लागलं. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर करून पाहिलं हे बरं केलं. एक चमचा अर्ध्या तासाने घासला, एक दुसऱ्या दिवशी, एक तीन दिवसांनी. तीन दिवसांच्या चमच्यावरचा रंग इतका घट्ट झाला होता की घासल्यावर तो उडाला नाही, नुसता झिजला आणि चकाकला. अर्ध्या तासाचा छान सुटला. थिनर घालून पातळ केलेल्या रंगाचा चमचाही वाया गेला, तो रंग हेअरस्प्रेत चावून बसला होता. म्हणून बॉडी एकदम न रंगवता एकेक भाग घेतला. टप रंगवला, अर्धा तास थांबले, घासला. मग दारं, मग पुढची डिकी.

पाणीही मोजून लावायचं. मऊ ब्रशने थोडंसं ओलं करायचं, मिनिटभर थांबायचं, मग आखूड केलेल्या ब्रशने टोचायचं. मी दातकोरण्याचं टोकही वापरलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उडालेल्या टवक्याचं माप. एक मिलिमीटरचा टवका खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच सेंटीमीटरचा होतो. दगड उडून बसलेला टवका एवढा मोठा नसतो. तो सुईच्या टोकाएवढाच हवा, आणि तो पुढच्या बाजूला हवा, मडगार्डाच्या तोंडावर. टपाचं वेगळं. तिथे ऊन काम करतं. आधी रंग फिका पडतो, मग खडूसारखा पांढुरका होतो, मग पातळ होत होत प्रायमर दिसायला लागतो, आणि प्रायमर गेला की गंज. म्हणून टपाच्या निळ्यात मी पांढरा मिसळला होता आणि रंग टोचून न काढता ओल्या कापडाच्या बोळ्याने गोल गोल पुसून विरळ केला. मधोमध गंज, भोवती करड्या प्रायमरचं वलय, मग फिका निळा. हे करडं वलय अनेक मॉडेलांवर नसतं. निळ्यातून एकदम तपकिरी येतं आणि डोळ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही.

पुढचं उजवं मडगार्ड लाल केलं. ते दुसऱ्या गाडीवरून आलंय, त्यामुळे त्याचं ऊन वेगळं, पाणी वेगळं. ते बॉडीपेक्षा कमी गंजलेलं ठेवलं, बोल्टांच्या जागा सोडून.

यानंतर जे झालं त्याने मला पंधरा दिवस मागे नेलं. गंजाचे ओघळ काढायचे होते. त्यासाठी तैलरंग सगळ्यात चांगला, कारण तो सावकाश वाळतो आणि चुकलं तर पुसता येतं. जळक्या तपकिरीचा बारीक ठिपका टवक्याच्या खालच्या कडेला ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसलेला चपटा ब्रश त्या ठिपक्यातून सरळ खाली ओढायचा. वर गडद, खाली विरत जाणारा ओघळ तयार होतो. दाराच्या हँडलखाली, टपाच्या पन्हळीच्या टोकाशी, दिव्यांच्या कड्यांखाली, असे तीसएक ओघळ मी चार संध्याकाळी बसून काढले. मला ते फार सुंदर वाटले. वाळल्यावर वर मॅट वार्निशचा हलका हात मारला आणि गाडी तळपाटावर, म्हणजे ती जिच्यावर उभी राहणार त्या फळीवर, मातीत, ठरल्याप्रमाणे डावीकडे पुढे झुकवून ठेवून पाहिली.

सगळे ओघळ तिरके.

ओघळ काढताना गाडी टेबलावर सपाट होती. मी ब्रश सरळ खाली ओढला तो टेबलाच्या हिशेबाने. पण ही गाडी वर्षानुवर्षं झुकून उभी आहे, तिच्यावरचं पाणी जमिनीकडे ओढलं जाणार, तिच्या दाराच्या रेषेला धरून नाही. झुकाव सातेक अंशांचाच, पण तीस ओघळ एकाच दिशेने सात अंश चुकले की ते लपत नाहीत. गाडी सपाट उभी असताना सडली आणि काल कुणीतरी तिला ढकलून इथे आणलं, असं दिसत होतं. तसंही चाललं असतं, पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नसतं. मला ते चालणार नव्हतं. पाण्याचा विचार करून तर ही गाडी करायला घेतली होती.

वार्निशखालचा रंग पुसता येत नाही. दोन्ही दारं आणि डाव्या बाजूची मडगार्डं मी बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासली आणि गंजाच्या थरापासून पुन्हा केली. आधी एक पाचर बनवली. थर्मोकोलचा तुकडा, वर गाडी बसेल असा खाच, झुकाव तळपाटावर जेवढा तेवढाच. यानंतर शेवटपर्यंत गाडी त्या पाचरीवरून उतरली नाही. ओघळ काढताना शेजारी दोऱ्याला नट बांधून टांगला होता, ब्रश त्या दोऱ्याला समांतर ओढायचा. धूळ बसवतानाही पाचर कामाला आली. बारीक मातीच्या रंगाची पूड थिनरमध्ये कालवून काचेच्या बुडाशी सोडली, तर ती आपोआप डाव्या कोपऱ्यात जाऊन साचली. तिथे ती साचायलाच हवी होती. तो क्षण मला अजून आठवतो, मी ब्रश खाली ठेवून नुसती बघत राहिले.

खऱ्या गंजाचा प्रयोगही केला. बारीक स्टील वूल मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलं, काही दिवसांत वाटीत गंजाचा गाळ झाला, तो वाळवून खलात कुटला. रंग अर्थातच अचूक. पण कण जाड. पाव मिलिमीटरचा कण खऱ्या मापात सहा मिलिमीटरचा होतो, म्हणजे खडी. पातळ कापडातून दोनदा गाळून जी पीठासारखी पूड उरली तेवढीच वापरली, तीही आतल्या तळावर आणि ठोकळ्याजवळच्या मातीत. बाहेरच्या पत्र्याला रंगच बरे.

बाकीचं भराभर झालं. टायरचा खालचा भाग घासून सपाट केला आणि बगलेला थोडा फुगवटा दिला. रबर काळं ठेवलं नाही, उन्हात राहिलेलं रबर करडं पडतं. बंपरच्या क्रोमवर तपकिरी पसरवली नाही, बारीक ठिपक्यांचं पुरळ दाखवलं. क्रोम स्वतः लाल गंजत नाही, त्याच्या बारीक छिद्रांतून खालचं पोलाद गंजून वर येतं. इंजिनाचं कवच हलक्या मिश्रधातूचं असतं म्हणून तिथे लाल गंज अजिबात नाही, पांढुरका थर आणि तेलाची काळी माती. पुढच्या काचेवर वायपरने पुसलेला स्वच्छ कमानीसारखा पट्टा काढायचा मोह आवरला. तो बऱ्याच मॉडेलांवर दिसतो, पण हिचे वायपर वर्षानुवर्षं फिरलेले नाहीत. काचेच्या बुडाशी पाला हवा होता, त्यासाठी वाळलेली पानं चुरून चाळणीतून गाळली. सगळा पाला डाव्या कोपऱ्यात.

काम संपलं तेव्हा दादाला बोलावलं. त्याने यावेळी गाडी उचलली नाही. खाली वाकून, डोळे तिच्या उंचीला आणून बघितलं, मग मोबाइलचा टॉर्च लावला आणि मागच्या खिडकीतून आत उजेड पाडला. "बॅटरी गेली वाटतं कुणीतरी काढून," तो म्हणाला. मी म्हटलं हो. मग उंबरठ्यापाशी आला. सडका पत्रा तपासताना तो पेचकसाच्या मुठीने ठोकून आवाज ऐकतो. त्याचा हात तसाच पुढे आला आणि फूटबोर्डापासून बोटभर अंतरावर थांबला.

"डाव्या उंबरठ्याची पन्हळ एवढी गेलीय," तो म्हणाला, "मग दार अजून जागेवर कसं? बिजागऱ्यांचा खांब त्या पन्हळीवरच उभा असतो. ती बसली की दार मागच्या बाजूला लोंबतं. कुलपाशी रेषा जुळत नाही."

मी दार वाकून पाहिलं. ते मी कापून सुटं केलं होतं आणि जरासं उघडं चिकटवलं होतं, पण रेषा अगदी सरळ, कारखान्यातून आल्यासारखी. दादा गेल्यावर पातळ पातं बिजागरीच्या फटीत घालून दार हळूच सोडवलं, कुलपाच्या बाजूने एक मिलिमीटर खाली घेतलं आणि पुन्हा चिकटवलं. उघडी पडलेली कड रंगवायची राहिली होती, ती सकाळच्या उजेडात रंगवली.